1901 चा तो वाद मराठीत छापा : विधान परिषदेच्या सभापतींना खुले पत्र

मा. सभापती,
महाराष्ट्र विधान परिषद, मुंबई

सविनय नमस्कार.

सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ असा शेरा असला की जमीन विकण्याआधी सरकारची परवानगी, सरकारला भरायचा नजराणा आणि तहसीलचे हेलपाटे आलेच. या शर्तीचं मूळ मुंबई जमीन महसूल कायद्याच्या 1901 सालच्या दुरुस्तीत आहे. तिला मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, कुणी विरोध केला, हे ती शर्त भोगणाऱ्या किती घरांत ठाऊक असेल?

1892 च्या इंडियन कौन्सिल्स कायद्यानंतर मुंबईच्या कौन्सिलात लोकांकडून आलेली माणसं बसू लागली. तीही थेट नव्हे. नगरपालिका, लोकल बोर्ड, विद्यापीठ यांनी नाव सुचवायचं आणि गव्हर्नरने मान्य करायचं. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, उपप्रश्न नाही. बहुमत कायम सरकारचं. एवढ्याशा जागेतही ही माणसं नेटाने उभी राहिली. टिळक 1895 मध्ये निवडून आले आणि 1897 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले तेव्हाही ते सभासद होते. गोखले 1899 मध्ये आले.

1896 आणि 1899 च्या दुष्काळांनी शेतकरी पार खचला होता, शेतसारा थकला होता. थकबाकीपायी सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकण्या-गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असं सरकारने ठरवलं. सावकारापासून रयतेला वाचवण्यासाठी, हे कारण. यामुळे शेतकऱ्याची पत बुडेल आणि तो सरकारचं कूळ होऊन बसेल, हा विरोधकांचा मुद्दा. लोकांची मतं येईपर्यंत विधेयक थांबवा, ही फिरोजशहा मेहतांची सूचना मतांच्या जोरावर फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा, गोखले, दाजी आबाजी खरे आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले. माझ्या मते आपल्या संसदीय इतिहासातला हा सर्वांत मोलाचा सभात्याग आहे.

त्या कौन्सिलाचा वारसा आपल्या विधिमंडळाकडे आहे. म्हणून विनंती, की 1893 ते 1901 ची इतिवृत्तं मराठीत आणून विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मोफत ठेवावीत. सुरुवात 1901 च्या वादापासून व्हावी. प्रत्येक सभासद कुठल्या संस्थेने निवडून दिला, तेही द्यावं.

नागपूर अधिवेशनापूर्वी यासाठी समिती नेमावी. तिच्यात इतिहासाच्या अभ्यासकांबरोबर एखादा निवृत्त तलाठी किंवा मंडल अधिकारी जरूर घ्यावा. सारा, तगाई (शेतकऱ्याला दिलेलं सरकारी कर्ज), जप्ती यांचा व्यवहार त्याला तोंडपाठ असतो.

आपला,
एक मतदार