यूकेला शिकायला निघालेल्या मुलांच्या औषधपाण्याबद्दल

पालक मंडळी, नमस्कार. बॅगा, कुकर, मसाले यावर ग्रुपवर भरपूर बोलून झालं, आता जरा औषधांकडे वळू.

व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार आपण भरलाय. त्यात एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार मिळतात, पण दात आणि चष्म्याचा खर्च सहसा वेगळा पडतो. तेव्हा किडकी दाढ इथेच दाखवून घ्या, जास्तीचा चष्माही करा.

रोजची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजी पत्र आणा. ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव आणि डोस लिहायला सांगा. आपली चिठ्ठी तिथल्या केमिस्टकडे चालत नाही. पहिल्या दोन महिन्यांची औषधं अख्ख्या पाकिटासकट द्या. गेल्या वर्षी मी लेकीला कापलेली स्ट्रिप दिली, नाव राहिलं दुकानातल्या तुकड्यावर! मग व्हिडिओ कॉलवर गोळी दाखवून, ‘आई, ही गुलाबी कशाची गं?’

लसीकरणाची जुनी फाइल शोधा, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोस झालेत का बघा. मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा आजार) मेनएसीडब्ल्यूवाय लस पंचविशीच्या आत पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्यांना तिथे मोफत मिळते.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. पैसे पडत नाहीत. ताप आल्यावर बघू, हे आपलं खास उत्तर तिथे महागात पडतं.

मुलांच्या फोनमध्ये आजच सेव्ह करा: सल्ल्यासाठी १११, जीवावरचं असेल तर ९९९.