ज्ञात-अज्ञात म्हणू नकोस

फोंडा,
मंगळवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. फोनवरही बोलता आलं असतं, पण मी काही सांगायला लागलो की तू ‘हं, हं’ करत लॅपटॉपवर बोटं चालवत असतेस, ते मला इकडे ऐकू येतं. म्हणून कागद घेतला.

तुमचा जुन्या व्हिडिओ गेमांचा मेळावा छान झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून रुसणार नाहीस. रविवारी संध्याकाळी तू आभार मानलेस. हॉलवाल्यांचे, पाहुण्यांचे, बॅनर छापून देणाऱ्याचे, माझेसुद्धा (गरज नव्हती, पण बरं वाटलं). मग घड्याळाकडे बघत म्हणालीस, ‘आणि सर्व ज्ञात-अज्ञात स्वयंसेवकांचे मनःपूर्वक आभार.’ टाळ्या झाल्या आणि तू पुण्याची बस गाठायला पळालीस.

बाय, अज्ञात कसले? समोर तर उभे होते. एकाच्या हातात झाडू होता.

दोष तुझा नाही, हे वाक्य तू आमच्याकडूनच उचललंस. जत्रेतल्या नाटकाची लाईट मी तीस वर्षं सांभाळली. सुरुवातीला तर दिवे मंद-तेज करायला मिठाच्या पाण्याचा डिमर होता, विंगेत उकिडवं बसून पाण्यातली पट्टी खाली-वर करायची. पहाटे नाटक संपलं की कोणीतरी देवस्थान समितीची सगळी नावं मानापानानं वाचायचा, आणि शेवटी एका दमात ‘ज्ञात-अज्ञात’. त्या अज्ञातांत मी होतो. तुझी आई समोर चटईवर बसलेली असायची आणि घरी येईपर्यंत धुसफुसायची. मी म्हणायचो, जाऊ दे गो, आपण काय नावासाठी करतो? खोटं बोलायचो.

तर तू गेल्यावर सगळं आवरायला दीड वाजला. मी टीव्ही न्यायला थांबलो होतो, म्हणून पाहिलं. मला कोणाची नावं माहीत नाहीत, दोन दिवस मी ‘अरे’ आणि ‘गो बाय’ यांवरच भागवलं. तेव्हा मी काम सांगतो, नाव तू लाव.

पहिला तो कुरळ्या केसांचा, शिरोड्याहून स्कूटरवर यायचा. आठ पिक्चर ट्यूबवाले टीव्ही त्यानं माझ्याबरोबर जिना चढवले. एकवीस इंची टीव्ही कसा उचलायचा ते आजकालच्या पोरांना ठाऊक नसतं. सगळं वजन काचेकडे असतं, म्हणून पडदा छातीशी धरायचा. हे त्याला एकदाच सांगावं लागलं. शनिवारी एका सेटचा आवाज येई पण चित्र नाही, तेव्हा मी झाकण उघडलं तसा तो शेजारी येऊन बसला. त्याला सांगितलं, बंद केला तरी ट्यूबमध्ये वीज साठून राहते, चालू असताना तिथे पंचवीस हजार व्होल्टच्या घरात असतात. आधी अर्थला लावून ती उतरवायची आणि एक हात खिशात ठेवायचा. पोरगा उरलेला दिवसभर एक हात खिशात घालून फिरत होता. चहासुद्धा तसाच प्याला. शेवटी एलओटीजवळचा, म्हणजे ती वीज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळचा, ड्राय सोल्डर (सुटलेला डाक) त्यानंच भिंगातून शोधला. दुकान चालू असतं तर सोमवारी बोलावला असता.

शनिवारी सकाळी हॉलची वीज तीनदा ट्रिप झाली, आठवतं? तू हॉलवाल्यांवर ओरडत होतीस. पिवळ्या कुर्त्यातल्या मुलीनं मला येऊन विचारलं, काका, थंड टीव्ही चालू करताना जास्त करंट घेतो का? घेतो. पडद्यावरचे रंगांचे डाग घालवणारी डीगॉस कॉईल असते ना आत, ती पहिला एखादा सेकंद जोरात ओढते, आणि आपण आठही सेट एकाच बटणावर टाकले होते. मला सुचायला हवं होतं, सुचलं तिला. त्यानंतर आणि रविवारी सकाळीही तीच एकेक सेट मोजून चालू करत होती. पुन्हा वीज गेली नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गेमच्या कॅसेटी पुसणारी मुलगी तर तुला दिसलीच नसेल, ती खांबाआड बसली होती. साठ पिनांच्या त्या कॅसेटी, 1983 च्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राच्या कॅसेटींच्या नकला म्हणून आपल्या बाजारात आलेल्या, कोणाकोणाच्या माळ्यांवरून आणलेल्या. गोव्यात चार पावसाळे माळ्यावर काढले की तांबं कळकतं. येणारा प्रत्येक जण कॅसेट काढून फुंकर मारणार, लहानपणी मारायचा तशी. तिनं किती जणांना समजावलं असेल, की फुंकरेनं आत ओल जाते आणि पिना आणखी खराब होतात. गेम चालतो तो काढून पुन्हा बसवल्यामुळे. शेवटी तिनं फुंकणाऱ्यांना फुंकू दिलं आणि मागाहून कापूस व आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसत राहिली. शहाणी आहे. लोकांच्या आठवणींशी वाद घालायचा नसतो, हे मला पन्नाशीत कळलं. घरी परतताना तिनं प्रत्येक कॅसेटीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. स्वतःचं नाव कुठेच नाही.

बदकं मारायच्या गेमच्या बंदुकीपाशी उभा होता तो उंच, बारीक मुलगा. दोन दिवस तेच ते प्रश्न. बंदुकीतून काय सुटतं? नव्या टीव्हीवर का चालत नाही? मी चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, पण हे मला त्याच्याकडून कळलं. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं की बदक पडलं. म्हणजे बंदूक काही सोडत नाही, नुसती बघते! आणि आधी काळं दिसायला हवं, म्हणून दिव्यावर नेम धरून फसवता येत नाही. नवा एलसीडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. रविवारी दुपारपर्यंत त्याचा घसा पार बसला होता, तरी एका आजोबांना तो खुणांनी समजावत होता. आजोबांनी सात बदकं पाडली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला मिळालेले आभार तेवढेच.

चहा आणि पातळभाजी-पाव बघणाऱ्या मावशींना मी स्वतः सांगून आलो, ते सोड. पण शाळेची घंटा घेऊन रांग सांभाळणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा राहिला. दहा मिनिटं झाली की टण्ण. मोठी माणसं त्याला ‘अजून एक लाईफ, अजून एक’ म्हणून गयावया करत होती, त्यात तुझा काकाही होता. पोरगा ढिम्म.

रात्री वायरी गुंडाळताना दाढीवाल्या एकानं एक गोष्ट सांगितली. तुला पाठ असेल, मला नवी होती. अमेरिकेत अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावं कुठेच छापत नसे. 1979 मध्ये चार जण त्याच रागानं बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. वॉरेन रॉबिनेट नावाच्या दुसऱ्या एकानं ‘ॲडव्हेंचर’ या गेममध्ये एक चोरखोली बनवली. टाचणीच्या टोकाएवढा राखाडी ठिपका शोधून ठरावीक भिंतीपाशी न्यायचा, मग आत जाता येतं, आणि आत काय? नुसतं त्याचं नाव. वरिष्ठांना पत्ताच नव्हता. एका पंधरा वर्षांच्या मुलानं ते शोधून कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा फुटलं. सगळे हसले. झाडूवाला हसला नाही, तो म्हणाला, बरोबर केलं त्यानं.

मला आपलं दुकान आठवलं. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या मागच्या झाकणाला आतून मी पेन्सिलीनं तारीख आणि माझी आद्याक्षरं लिहायचो. गिऱ्हाईक कधी आत बघत नाही. वीस वर्षांनी दुसऱ्या मेकॅनिकनं उघडलं तर त्याला कळावं, एवढंच. या मेळाव्यातल्या एका सेटमध्ये माझीच 1994 ची खूण निघाली, ते तुला सांगायचं राहून गेलं. तेव्हा ‘टीव्ही गेमनं ट्यूब जाते’ असं मीच गिऱ्हाइकांना सांगत असे आणि तुझा गेम परीक्षेत कपाटात कोंडत असे. असो.

तेव्हा असं कर. त्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकू नकोस. एकेकाला वेगळं लिही, आणि त्यानं काय केलं ते लिही. पिवळ्या कुर्त्यावालीला विजेबद्दल, बंदुकीवाल्याला त्याच्या घशाबद्दल. आठवत नसेल तर हे पत्र समोर ठेव.

आठही सेट सध्या पडवीत झाकणं काढून ठेवलेत. पुसून बंद करण्याआधी आत तारीख घालीन, आणि या वेळी माझ्या अक्षरांखाली जागा सोडली आहे. सगळ्यांची नावं आडनावांसकट, काना-मात्रा नीट बघून पाठव. आई शनिवारच्या बसनं सोलं आणि पोह्यांचे लाडू पाठवते आहे.

तुझे पपा

ता. क. व्हॅनमध्ये निळी पाण्याची बाटली सापडली, बहुतेक घंटेवाल्याची. त्याचं नाव आधी पाठव.