रात्रीचं काम कोटेशनमध्येच जन्मतं

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

वेबसाइट बनवण्याच्या तुझ्या स्वतंत्र व्यवसायात कामाच्या वेळा ठरवूनही रात्री अकराला लॅपटॉप उघडावा लागतो, हे कसं थांबवायचं असं तू विचारलंस. मला वाटतं, तू जोर चुकीच्या जागी लावते आहेस. रात्री अकराला समोर येणारं काम त्या रात्रीचं नसतंच. महिनाभर आधी कोटेशन पाठवताना जे लिहायचं राहिलं, ते तेव्हा वर येतं. म्हणून सुरुवात तिथून करते.

कोटेशनमध्ये ‘संपूर्ण वेबसाइट’ असे शब्द कधीच लिहू नकोस. पानं किती आणि कोणती, ते नावानिशी लिही. फॉर्म किती आणि प्रत्येकात रकाने किती, तेही लिही. भाषा एक की दोन? दुसरी भाषा आली की मजकुराबरोबर मेनू, फॉर्मचे संदेश आणि आपोआप जाणारे ईमेल सगळंच पुन्हा करावं लागतं. त्याचे तास वेगळे धर. आणि जे देणार नाहीस तेही स्पष्ट लिही: लोगो नाही, मजकूर लेखन नाही, फोटो काढणं नाही, साइट सुरू झाल्यानंतरची देखभाल नाही. वाद बहुतेक वेळा न लिहिलेल्या गोष्टीवर होतो, कारण ती दोघांनी आपापल्या सोयीने गृहीत धरलेली असते.

बदलांच्या दोन फेऱ्या दे, पण फेरी म्हणजे काय ते सांग: सगळ्या सूचना एकत्र, एकाच ईमेलमध्ये, ठरलेल्या एकाच व्यक्तीकडून. असं लिहिलं नाहीस तर मालक सकाळी एक रंग सांगतो, भागीदार दुपारी दुसरा, आणि व्हॉट्सॲपवरच्या वीस मेसेजमधला एकही ‘फेरी’ म्हणून मोजता येत नाही. तिसऱ्या फेरीपासून तासाचा दर लाव आणि तो आकडा आधीच छापून ठेव.

तुझे आठवडे बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र वेगळी आहे. डिझाइन तयार असतं आणि क्लायंटकडून मजकूर येत नाही. तू तोवर दुसरं काम घेतेस. मग पहिल्याचा मजकूर नेमका दुसऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात येतो, आणि दोन्ही कामं एकाच वेळी अंगावर येतात. हे टाळायचं तर काम पूर्ण करण्याची तारीख कॅलेंडरवरची देऊ नकोस. ‘सगळा मजकूर आणि फोटो मिळाल्यापासून चार आठवडे’ असं लिही. मागितल्यापासून १४ दिवसांत काही आलं नाही, तर काम थांबेल आणि पुढच्या मोकळ्या जागी लागेल, हेही लिही. क्लायंट आळशी असतो असं समजू नकोस. कोऱ्या पानासमोर कोणालाही सुचत नाही. त्याला तयार कागद दे: प्रत्येक पानासाठी चार प्रश्न, प्रत्येक उत्तराला ८० शब्दांची मर्यादा. ‘नवीन ग्राहक तुम्हाला पहिल्यांदा काय विचारतो?’ या एका प्रश्नावर निम्मं मुख्य पान तयार होतं.

पैशांचे टप्पे: ४० टक्के काम सुरू होण्याआधी, ३० टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, ३० टक्के साइट लाइव्ह होण्याआधी. शेवटचा हप्ता लाइव्ह झाल्यानंतरवर ढकलू नकोस. क्लायंटला हवं ते मिळून गेलेलं असतं, आणि मग वसुलीचे फोन तुझ्या सुट्टीच्या दिवशी तुलाच करावे लागतात.

दर कसा काढतेस ते मला माहीत नाही, पण एकदा असा काढून बघ. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातले ६ सुट्टी आणि आजारपणाचे वजा केले की ४६ उरतात. आठवड्याला ३५ तास बसलीस तरी बिल लावता येईल असं काम साधारण २० तास होतं. बाकी वेळ ईमेल, कोटेशन, हिशेब आणि शिकण्यात जातो. ४६ गुणिले २० म्हणजे ९२० तास. घरखर्च, सॉफ्टवेअर, कर आणि शिल्लक या सगळ्याची वार्षिक बेरीज ९२० ने भाग. पुष्कळ जण नोकरीच्या सवयीने ५० आठवडे गुणिले ४० तास म्हणजे २,००० ने भागतात. त्यांचा दर निम्म्याहूनही कमी निघतो, आणि ती तूट रात्री जागून भरून काढावी लागते.

आता साइट लाइव्ह करण्याबद्दल. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी कर. शुक्रवारी कधीही नको, सुट्टीच्या आदल्या दिवशी तर नकोच. बिघाड बहुधा काही तासांनी दिसतो, आणि तेव्हा होस्टिंगवाल्यांशी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे त्यांच्याशी, बोलायला कामाचा दिवस हाताशी लागतो.

साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी नोंदवही म्हणजे डीएनएस. तिचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे किती वेळ साठून राहते तो काळ, एक दिवस आधी ३०० सेकंदांवर आण. आधीचा टीटीएल ८६,४०० सेकंदांचा असेल, तर तो बदल सगळीकडे पोचायलाच एक दिवस लागतो. फक्त साइट हलवायची असेल, तर नेमसर्व्हरला, म्हणजे ही नोंदवही जिथे ठेवलेली असते त्या सर्व्हरला, हात लावू नकोस. साइटच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारा ए रेकॉर्ड बदल, आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’चा रेकॉर्ड वेगळा असेल तर तोही. नेमसर्व्हर बदलले आणि नव्या जागी ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड भरायचे राहिले, तर साइट छान उघडते पण क्लायंटचे ईमेल बंद पडतात. हे कळतं संध्याकाळी, आणि मग रात्र गेलीच. बदलावेच लागले तर एमएक्सबरोबर एसपीएफ आणि डीकेआयएमचे, म्हणजे ईमेल खरा आहे हे पटवणारे, टीएक्सटी रेकॉर्डही आधी उतरवून घे.

लाइव्ह झाल्यावर वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये जाऊन सर्च इंजिनांना रोखणारी खूण काढली आहे ना ते बघ. स्टेजिंगवरची, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवरची, ती खूण तशीच राहते आणि दोन महिन्यांनी ‘गूगलवर आम्ही दिसतच नाही’ असा फोन येतो. फॉर्म बाहेरच्या ईमेल पत्त्यावरून स्वतः भरून बघ. फॉर्मचा ईमेल एसएमटीपीने, म्हणजे रीतसर मेल सर्व्हरमधून, पाठव आणि ‘प्रेषक’ म्हणून साइटच्याच डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, पत्ता ठेव. तिथे भेट देणाऱ्याचा पत्ता टाकलास तर पडताळणीत तो ईमेल बनावट ठरतो आणि स्पॅममध्ये जातो. भेट देणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, म्हणजे उत्तर जिथे जायचं त्या रकान्यात, घाल. जुन्या पानांचे पत्ते ३०१ ने, म्हणजे ‘पान कायमचं हलवलं’ असं सांगणाऱ्या संकेताने, नव्या पानांवर वळव.

डोमेन नेहमी क्लायंटच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर असू दे. तुझ्या खात्यात ठेवलंस तर वर्षानुवर्षं नूतनीकरणाची जबाबदारी तुझी, मग तू सुट्टीवर असलीस तरी. साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचं आपोआप नूतनीकरण चालू आहे का, ते लाइव्ह करतानाच तपास. ही प्रमाणपत्रं मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने मुदत संपण्याची सूचना देणारे ईमेल २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे साइटवर लक्ष ठेवणारी एखादी सेवा लावून ठेव. प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा हाताने नूतनीकरण करण्याची सवय आत्ताच मोड.

देखभालीचा करार वेगळा आणि मासिक ठेव. दहा साइट, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे साडेसात तास. महिन्यातला एकच दिवस त्यासाठी राखून ठेव, इतर दिवशी अपडेटला हात लावू नकोस. फक्त सुरक्षेचं तातडीचं अपडेट थांबवायचं नाही. क्रम असा: आधी बॅकअप, मग स्टेजिंगवर अपडेट, मग लाइव्ह. बॅकअप त्याच सर्व्हरवर असेल तर तो बॅकअप नाही, कारण सर्व्हर गेला की दोन्ही जातात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि दर तीन महिन्यांनी एखादी प्रत खरोखर उघडून साइट उभी राहते का ते बघ.

ईमेल दिवसातून दोनदा उघड, सकाळचं सलग काम झाल्यावर आणि संध्याकाळी उठण्याआधी तासभर. उत्तर एका कामकाजाच्या दिवसात देईन, असं क्लायंटला आधीच सांग. तातडी म्हणजे साइट बंद पडणं, साइटवर पैसे भरण्याची सोय किंवा फॉर्म बंद पडणं, किंवा साइट हॅक होणं. एवढंच. बटणाचा रंग सकाळपर्यंत थांबतो. कामाचा नंबर वेगळा घे. व्हॉट्सॲप बिझनेसवर ठरलेल्या वेळेनंतर आपोआप जाणारा संदेश लावता येतो.

आजारपणाची तयारी तू केलेली नाहीस, आणि त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. प्रत्येक क्लायंटचं एक पान कर: डोमेन कुठे, होस्टिंग कुठे, बॅकअप कुठे, मंजुरी कोण देतं. पासवर्ड मॅनेजरमध्ये विश्वासाच्या एका माणसाला आणीबाणीचा प्रवेश देऊन ठेव. तुझ्यासारखंच काम करणाऱ्या एखादीशी बोलून ठेव, की आठवडाभर तू तिचं बघशील आणि ती तुझं.

आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाक. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असला की नको असलेलं काम नाकारता येतं. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण ६ मीटर लांब बघ.

हातातल्या दोन कामांना असल्या कुठल्याच अटी नाहीत, त्या मधेच लादता येणार नाहीत. पण दोघांना उद्या एवढं लिहून पाठव: ‘आतापर्यंत झालेलं काम, उरलेलं काम आणि त्यासाठी तुमच्याकडून लागणाऱ्या गोष्टी खाली देत आहे. या यादीबाहेरचं काही हवं असल्यास वेगळा अंदाज पाठवीन.’ यादी नीट असली की बहुतेक लोक मान्य करतात. पुढच्या कोटेशनचा मसुदा क्लायंटला पाठवण्याआधी मला पाठव, मी वाचून काय राहिलं ते सांगते.

तुझी आई