जिद्दी लिहायचं होतं, हेकट लिहिलं

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "इतकी वर्षं इंग्रजीत काम करतेस, आता पुन्हा शब्द कसले पाठ करतेस?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या एका मुलीचं वार्षिक मूल्यमापन लिहायचं होतं. एक चाचणी चार वेळा फसली तरी तिनं सोडली नव्हती, पाचव्यांदा जमवूनच उठली होती. माझ्या मनात शब्द होता जिद्दी. कागदावर मी लिहिलं 'ऑब्स्टिनेट'. दुसऱ्या दिवशी ती तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली. त्या शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. "माझं काही चुकलं का?" एवढंच विचारलं तिनं. बाबा, मी तिला चक्क हेकट म्हटलं होतं, तेही कायम राहणाऱ्या कागदावर! तिची माफी मागितली आणि शब्द बदलून 'टेनेशस' केला. तो लॅटिनमधल्या 'धरून ठेवणे' या क्रियापदावरून आलाय. धरलेलं न सोडणारी, मला हेच तर म्हणायचं होतं.

वस्तूचं नाव चुकलं तर समोरचा सांभाळून घेतो. स्वभावाचा शब्द चुकला की त्या माणसावर शेरा बसतो.

म्हणून वही घातली आहे. अकारविल्ह्यानं न लिहिता एकेका गुणाला एकेक पान दिलंय. पैसा जपणारा माणूस 'थ्रिफ्टी' किंवा 'फ्रूगल' असेल तर तो काटकसरी, त्यात कौतुक आहे. 'स्टिंजी' म्हटलं की झाला कंजूष, आणि 'पार्सिमोनियस' हा त्याच कंजूषपणाचा पुस्तकी शब्द. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ साली असाच अर्थावर रचलेला कोश काढला होता. त्याचा शेवटचा भाग भावना आणि नीती यांच्या शब्दांना दिलेला आहे.

सगळ्यात आवडतं पान लॅटिनमधल्या 'अनिमस'चं, म्हणजे मनाचं. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे मोठ्या मनाचा, अगदी आपल्यासारखाच. 'इक्वॅनिमिटी' म्हणजे समचित्तता, हा तुम्हाला आवडेल. 'प्युसिलॅनिमस'ची फोड मात्र चकवते. शब्दशः 'अगदी लहान मनाचा', म्हणून मी कोत्या मनाचा असं लिहून बसले होते. त्याचा खरा अर्थ भित्रा. त्यांच्याकडे मन लहान झालं की धैर्य जातं, आपल्याकडे उदारपणा जातो. यावर मी बराच वेळ विचार करत होते.

आणि पित्त! जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार रस मानत. पिवळ्या पित्तावरून तापट माणूस 'कॉलरिक', काळ्या पित्तावरून 'मेलंकली' ही उदासी, कफावरून थंड स्वभावाचा 'फ्लेग्मॅटिक'. आपलंही पित्त खवळतंच की. हे शब्द पाठ करावेच लागले नाहीत.

'एन्व्ही' आणि 'जेलसी' अजून सरावाचे व्हायचेत. दुसऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही याची बोच ती 'एन्व्ही', म्हणजे आपला हेवा. आपलं आहे ते दुसरा घेऊन जाईल ही धास्ती म्हणजे 'जेलसी'. तिला एकच नेमका मराठी शब्द मला सापडत नाही. 'मत्सर' म्हणावं तर तो हेव्याकडेच झुकतो. इथली माणसंही बोलताना दोन्हीकडे 'जेलस' म्हणून मोकळी होतात. मूल्यमापनात मात्र तसं चालायचं नाही.

उलट बाजूनं अडलंय ते 'रुसवा'पाशी. 'सल्क' जवळ येतो, पण त्यात नुसता घुमेपणा आहे. रुसणाऱ्याला कुणीतरी येऊन समजूत काढावी असं वाटत असतं, आणि तो हक्काच्या माणसावरच रुसतो. हे त्या शब्दात कुठंच नाही.

तुमच्या कपाटात मोल्सवर्थचा कोश आहे ना, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेला? त्यात 'रुसवा' काढा आणि त्यानं काय इंग्रजी दिलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठवा. वहीतलं अर्धं पान त्यासाठी कोरं ठेवलं आहे.

आईला नमस्कार.

तुमची लेक