पिंजऱ्याबाहेरच्या पाटीवर न्याहारीही लिहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नाश्त्यावर वाचकांची पत्रं येत आहेत. पोहे बरे की ओट्स, भात सोडावा की पोळी, यावर चर्चा रंगली आहे. माझंही थोडं म्हणणं आहे, पण ते सांगता सांगता मी तुम्हाला भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे तिथल्या प्राणिसंग्रहालयात, नेणार आहे.

मी लालबागला बालवाडी चालवते. सकाळी मुलांना सोडायला आलेल्या आया दारात पाच-दहा मिनिटं रेंगाळतात. तेव्हा विषय एकच, डाएट. एक जण दिवसातून दोनदाच जेवते, दुसरी दर दोन तासांनी थोडं थोडं खाते. दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर, हा वाद आमच्या पायरीवर कधीच मिटला नाही. एकीने रात्रीचा भात सोडला आणि ती सासूबाईंचं बोलणं खाते आहे. या गप्पा मला मनापासून आवडतात. पन्नाशी गाठलेली माझ्यासारखी बाई आणि पंचविशीतली आई एकमेकींना "आज काय केलंस गं?" असं रोज विचारतात, त्यात नुसती चौकशी नसते, आपुलकी असते. माझं मत विचाराल तर सकाळी घरात शिजलेलं, मुलाला ओळखीचं असलेलं काहीही चालेल. घावणे, उकडपेंडी, नाचणीची आंबील, काल उरलेल्या पोळीचा कुस्करा. आमच्याकडची एक मुलगी रोज शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळलेली पोळी आणते. आई ती मधोमध कापून देते. मुलगी आधी एक अर्धुक संपवते, मग दुसरं हातात धरून सगळ्यांना दाखवत फिरते. त्या डब्याला कुठल्या तक्त्याची गरज नाही. बिस्किटं आणि वेफर्सची पाकिटं मात्र आम्ही दारातच ठेवून घेतो.

आता बागेकडे वळते. दिवाळीची सुट्टी संपली, हवा जरा गार झाली की आम्ही मुलांना राणीच्या बागेत नेतो. तीन ते पाच वर्षांची मुलं प्राण्यापुढे उभी राहिली की पहिला प्रश्न "चावतो का?" आणि दुसरा, न चुकता, "ह्याने नाश्ता केला?" शास्त्रीय नाव, आढळ, आयुर्मान यांत त्यांना रस नसतो. 'मांसाहारी' म्हटल्यानेही समाधान होत नाही. आज काय खाल्लं, किती खाल्लं, कोणी दिलं, हे त्यांना हवं असतं. आणि मोठ्यांनाही ते हवंच असतं, हे मी पाहिलं आहे. एका मुलाला मी वाघाबद्दल सांगत होते की देशातल्या बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस मांस देत नाहीत, कारण जंगलातही वाघाला रोज शिकार मिळत नाही. एकदा पोटभर खाल्लं की पुढे काही दिवस तो तसाच राहू शकतो. बाजूला उभी असलेली दोन अनोळखी कुटुंबं ऐकायला सरकून जवळ आली. मुलाने विचारलं, "साबुदाण्याची खिचडी पण नाही?" त्या कुटुंबांतले आजोबा-आजी, सगळेच हसले आणि पुढे दहा मिनिटं प्रश्न विचारत राहिले.

पेंग्विनच्या काचेपुढेही तसंच. इथले पहिले हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, हे मुंबईकराला पाठ आहे. पण त्यांचे भाईबंद पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर जे मासे खातात ते आपल्या मांदेली आणि तारलीच्याच कुळातले, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या मुलाची आजी मासळी विकते, त्याला हे कळलं तेव्हा तो काचेपासून हलेना. पेंग्विन मासा डोक्याकडून अख्खा गिळतो, म्हणजे कल्ले आणि काटे घशात अडकत नाहीत, हे मी सांगितलं. घरी जाऊन त्याने आजीला ते करून दाखवलं.

हे सगळं लिहायचं कारण आता सांगते. हरणांच्या कुंपणापाशी दर वेळी कोणी ना कोणी पाव, चपाती नाही तर कुरकुरीत काहीतरी आत टाकत असतं. ही माणसं वाईट नसतात. हातातलं दुसऱ्याला द्यावं, ही आपली रीत आहे. अगदी मायेने, "घे रे बाळा, भूक लागली असेल" म्हणत टाकतात. पण हरिण रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटाचे चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात आणि ते गवत-पाला सावकाश मुरवतात. तिथे पाव किंवा चपाती जास्त गेली की ती झपाट्याने आंबते, आम्ल वाढतं, पोट फुगतं, रवंथ बंद पडतो. जास्तच झालं तर जनावर दगावतं. पाणघोडा जबडा उघडतो तेव्हा लोकांना वाटतं तो मागतो आहे. जंगलात हाच प्राणी रात्री पाण्याबाहेर येऊन चाळीसेक किलो गवत चरतो. त्याला आपले वेफर्स कशाला?

माकडांचं तर विचारूच नका. केळं म्हणजे माकडाचंच खाणं, असं आपण चित्राच्या पुस्तकात शिकवतो, मीही शिकवते. पण इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने २०१४ मध्ये माकडांची केळी बंद केली. आपल्यासाठी पिकवलेल्या केळ्यात साखर फार, रानातल्या फळात इतकी नसते. माकडांना त्याने मधुमेह होऊ शकतो आणि दात किडतात, हे त्यांचं कारण. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयानेही फळं कमी करून पालेभाज्या वाढवल्याची बातमी होती. कारण तेच, बाजारातली फळं फार गोड झाली आहेत. आमच्या पायरीवर मी हे सांगितलं तेव्हा रोज सकाळी नुसत्या फळांवर राहणारी एक आई विचारात पडली. माणसाचं आणि माकडाचं पोट एकच नव्हे, हे मी तिला लगेच सांगितलं.

प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खायला घालणं, डिवचणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे गुन्हा आहे. 'खाऊ घालू नये' अशा पाट्याही दिसतात. पण नुसतं 'नये' म्हटलं की हात थांबत नाही. ज्याला वाटतं समोरचा उपाशी आहे, त्याला तो उपाशी नाही हे कळलं पाहिजे. म्हणून माझी विनंती आहे की राज्यातल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांनी प्रत्येक पिंजऱ्याबाहेर एक लहान फळा लावावा आणि त्यावर रोज खडूने लिहावं: आज सकाळी काय दिलं, किती किलो, पुढचं खाणं किती वाजता. वाघाचा उपवास असेल तर तोही लिहावा. खाली एकच ओळ, पाव-चपातीने याचं काय होतं. फळा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, मोठ्यांच्या नको. शक्य असेल तिथे राखणदारकाकांनी दिवसातून एकदा पाच मिनिटं बोलावं. प्राणी काय खातो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांचं बोलणं ऐकायला माझी मुलं मांडी घालून बसतील.

खर्चाचा प्रश्न निघालाच तर फळ्यावरची चित्रं आमची मुलं आणि त्यांच्या आया काढून देतील. गवताची पेंढी, मासा, भोपळा, मक्याचं कणीस ही आम्हाला चांगली जमतात. पहिला फळा हरणांपाशी लागावा, असं मला वाटतं. राणीची बाग बुधवारी बंद असते, तो दिवस मोजमाप घ्यायला सोयीचा पडेल. आम्ही शाळा सुटल्यावर साडेबारानंतर येऊ शकतो.

आपली,
एक बालवाडी शिक्षिका,
लालबाग, मुंबई