यादी फिरण्याआधी

जळगाव,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. पदोन्नती झाली, नंदुरबारचं ऑफिस ताब्यात आलं, वहिनींनाही तिथलं हवापाणी मानवतंय, हे वाचून बरं वाटलं. तू विचारलंस की साहेब म्हणून पहिलीच दिवाळी आहे, हाताखालच्या माणसांना काय द्यावं, आणि त्यांनी तुला काही द्यायचं ठरवलं तर काय करावं. तुला हे विचारावंसं वाटलं, यातच तुझा चांगुलपणा आला. दिवाळीला जेमतेम दोन आठवडे उरलेत, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी तुला एक गोष्ट सांगतो. इतक्या वर्षांत ती कधी तोंडातून निघाली नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या ऑफिसात होतो, तिथले साहेब निवृत्त होणार होते. सराफ बाजारातून अंगठी घ्यायची असं ठरलं आणि वर्गणीची यादी फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव हेडक्लार्कचं, पुढे 501. त्याखाली दुसरं, तिसरं, सगळी 501 च. यादी आमच्या शिपायापाशी पोचली तेव्हा त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, नाव लिहिलं आणि पुढे 501 लिहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "भाऊ, दोन हप्त्यांत दिले तर चालतील का?" मी म्हणालो, "दे रे सवडीने." आणि जागेवर येऊन त्याच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं, "बाकी". ती यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली पुढचे पंधरा दिवस होती. येणारा-जाणारा ती वाचत होता. तोही रोज सकाळी त्याच टेबलावर माझ्यासाठी पाण्याचा ग्लास ठेवत होता.

साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना अंगठी मिळाली, फोटो निघाला, सगळे शेव-पेढे खाऊन घरी गेले. ते "बाकी" मात्र माझ्या हातचं होतं, बापू, आणि अजूनही डोळ्यांसमोर येतं.

पुढे खात्याच्या परीक्षेसाठी नियमांचं पुस्तक वाचत होतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964, त्यातला चौदावा नियम. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी खाजगी स्वरूपाचा, साधा निरोप समारंभ करायला तो मोकळीक देतो. पण त्या वर्गणीसाठी कोणावर दबाव आणू नये, आणि क व ड गटातल्या, म्हणजे कारकून-शिपाई अशा खालच्या, कर्मचाऱ्यांकडून त्यांच्या गटाबाहेरच्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी कोणत्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करू नये, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं. मला वाटत होतं की हे फक्त माझ्या मनाला टोचतंय. नियम करणाऱ्यांनी ते चाळीस वर्षं आधीच ओळखलं होतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही कर. यादी निघायच्या आत सगळ्यांना एकत्र बोलाव आणि सांग की दिवाळीला मला कोणी काही आणायचं नाही, वर्गणी काढायची नाही. हे आधीच सांगायला हवं. वस्तू समोर आल्यावर "अरे, कशाला?" म्हणण्यात अर्थ नसतो, कारण तोवर पैसे खर्चून झालेले असतात आणि परत केली तर माणूस दुखावतो. तेराव्या नियमात जवळच्या नातेवाइकांची आणि मित्रांची लग्नकार्यातली भेट वेगळी धरली आहे. एरवीच्या भेटीची मर्यादा 2019 साली वाढवून अ आणि ब गटाला 5,000 रुपये आणि क गटाला 2,000 रुपये केली. कोणी तुला हा आकडा दाखवून "एवढं तर चालतं की साहेब" म्हणेल. तो आकडा परवानगीशिवाय त्यापुढे जाऊ नये यासाठी आहे, तिथवर जायलाच हवं असं नाही. आणि कामाशी संबंध असलेल्या ठेकेदाराने सुकामेव्याचा डबा पाठवला, तर तो आला तसाच, त्याच दिवशी परत कर. पाठवलेल्या पोऱ्याला चहा पाजून परत कर, त्याचा त्यात काही दोष नसतो.

आता तू काय द्यायचंस ते.

आपण अमळनेरला एका खोलीत राहायचो, तेव्हा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुझी माय सांजोऱ्यांचा डबा धाडायची. सुटीत मी घरी गेलो की माझी माय त्या डब्यात शेंगदाणे नाहीतर गूळ भरून द्यायची. म्हणायची, "रिकामा डबा धाडाना नही." किती सांजोऱ्या आल्या आणि किती शेंगदाणे गेले, कोणी मोजलं नाही. त्याच माझ्या घरी आहेराची वही होती, लाल कापडात बांधलेली. तिच्यात सगळं मोजलेलं असायचं. कोणाकडून टोपी-टॉवेल, कोणाकडून पातेलं, कोणाचे अकरा रुपये. लग्नाला निघण्याआधी वडील वही उघडायचे आणि समोरच्यांनी घातला होता त्यापेक्षा थोडा वाढीव आहेर करायचे. बरोबर तेवढाच केला तर हिशेब मिटल्यासारखा वाटतो, असं ते म्हणत. ती वही मला कधी वाईट वाटली नाही, कारण गावात फेडायला पिढ्या हाताशी असतात. या वर्षी नाही जमलं तर मुलाच्या लग्नात, नाहीतर नातवाच्या.

ऑफिसात तेवढा काळ कोणाकडे असतो? तीन वर्षांत बदली. म्हणून तिथे वहीतला आहेर नको, मायच्या डब्यासारखं काहीतरी दे. खाण्याचं, घरी सगळ्यांना वाटता येईल असं, आणि ज्याची परतफेड करताना कोणाला उसने मागावे लागणार नाहीत असं. सगळ्यांना एकच दे. एकाला चांदीचं नाणं आणि दुसऱ्याला चिवड्याचं पाकीट, असं करू नकोस. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. आणि वाटायला सुरुवात कर ती झाडलोट करणाऱ्या बाईपासून आणि रात्रीच्या वॉचमनपासून. ठेकेदारामार्फत आलेली माणसं हजेरीपटावर नसतात, म्हणून ती यादीतून हमखास सुटतात. वॉचमनसाठी पाकीट ठेवून जाऊ नकोस. एक दिवस उशिरा थांब आणि स्वतः हातात दे.

लग्नकार्य असेल तर ऑफिसातर्फे एकच पाकीट द्यायचं, त्यावर सगळ्यांची नावं, आकडा कोणापुढेच नाही. पैसे गोळा करायला बंद डबा ठेव, ज्याला जमेल तेवढं तो टाकेल, नाही जमलं तर नाही. आजारपण किंवा मयत असेल तर हीच रीत, फक्त डब्याची वाट न बघता आधी तू घरी जाऊन ये. बाईमाणसाला साडी किंवा दागिना आपल्या एकट्याच्या नावाने देऊ नये, हे तुला सांगायला नको.

संक्रांतीचं मात्र सांगतो. ऑफिसातल्या बायका हळदीकुंकू करतात, वाण लुटतात, छान असतं ते. आमच्याकडे एक ताई होत्या, नवरा अपघातात गेलेला. त्या दिवशी त्या मुद्दाम रेकॉर्ड रूममध्ये फायली लावत बसायच्या. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि कोणी बोललं नाही, देव जाणे. तिसऱ्या वर्षी नवीन लागलेली एक मुलगी थेट आत गेली, हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली, आधी कुंकू त्यांना लावलं आणि वाणही पहिलं त्यांच्या हातात ठेवलं. कोणी काही म्हणालं नाही. तुझ्याकडे अशी कोणी असेल तर जानेवारीच्या आधी तुझ्या ऑफिसातल्या जाणत्या बाईशी बोलून ठेव. तू पुरुष साहेब, तू स्वतः मध्ये पडलास तर त्या ताईलाच अवघडल्यासारखं होईल.

माझ्या पूर्ण नोकरीत ऑफिसाने एकमेकांना दिलेली सगळ्यात चांगली भेट कोणती, असं विचारशील तर मी भरीत पार्टी म्हणेन. कोणाच्या तरी शेतात, थंडीत. एकाने वांगी आणायची, एकाने तेल, एकाने कांद्याची पात, कोणी घरून पुऱ्या, कोणी कळण्याच्या भाकरी. ज्याच्याकडे आणायला काही नसे तो काड्या गोळा करी. आमचा तोच शिपाई वांगी भाजायला बसायचा. कापसाच्या काड्यांचा जाळ कुठे वाढवायचा, कुठे ओढून घ्यायचा, हे त्याला जसं कळायचं तसं कोणालाच नाही. साहेब शेजारी बसून त्याला विचारायचे, "आता फिरवू का?" तो म्हणायचा, "थांबा अजून." मग लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत पहिल्यांदा चाखायचा मान त्याचा. तू नंदुरबारला ही प्रथा सुरू कर. दिवाळीच्या भेटीपेक्षा माणसं ती जास्त लक्षात ठेवतील.

तो शिपाई आता निवृत्त होऊन इथेच राहतो. गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो आणि त्या "बाकी"बद्दल त्याची माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "भाऊ, दुसरा हप्ता मी दिला होता. तुम्ही ते खोडलं नव्हतं." मला हे आठवतही नव्हतं.

मार्गशीर्षात आमच्या शेतावर भरीत करायचं ठरवलंय. तो येणार आहे, वांगी भाजायला त्यालाच बसवणार. तू आणि वहिनी शनिवारीच मुक्कामाला या. वांगी बामणोदची मी आणून ठेवतो, तू येताना मिरची आण, नंदुरबारची.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना