काटा पडला होता, मी पाहिला होता

सॅन होजे, मंगळवार रात्र

ती. आई आणि आण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोन करायचं सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर आई पहिल्याच वाक्याला "तुला काय झालं?" असं विचारेल आणि बाकीचं सगळं राहून जाईल. तेव्हा आधी तेच सांगते. मी ठणठणीत आहे, कुठं खरचटलंसुद्धा नाही. मोडलंय ते गाडीचं इंजिन.

आई, शनिवार-रविवारी मित्रमंडळींबरोबर गाडी चालवायला जाते, एवढंच मी तुला सांगत आले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मी रेस ट्रॅकवर जाते. तीन वर्षं झाली. आण्णांना माहीत होतं, पण मीच त्यांना शपथ घातली होती, म्हणून ते तुझ्याशी बोलले नाहीत. राग येणार, तो माझ्यावर काढ. त्यांना जेवताना ऐकवू नकोस.

गाडी म्हणजे १९९४ची माझदा मियाटा. दोन माणसांची, छोटी, वजन जेमतेम टनभर. हौशी रेसिंगमध्ये ही गाडी फार चालते, कारण स्वस्त आहे, सुटे भाग मिळतात आणि घरच्या हत्यारांनी उघडता येते. आम्ही चौघांनी मिळून घेतली. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा वेल्डिंग केलेला आहे. सहा पट्ट्यांचा बेल्ट, आग न धरणारा अंगरखा, हेल्मेट, मानेला झटका बसू नये म्हणून खांद्यावरचा आधार आणि आग विझवायची बाटली, एवढं सगळं असल्याशिवाय ट्रॅकवर सोडतच नाहीत. हे तुझ्यासाठी सांगतेय, आई. पुण्याच्या रस्त्यांवर मामाच्या स्कूटरवर मागं बसते तेव्हा मला जास्त भीती वाटते, हे अगदी मनापासून सांगते.

परवाच्या रविवारी आम्ही थंडरहिलला होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला विलोज नावाचं गाव आहे, आजूबाजूला भाताची खाचरं आणि बदामाच्या बागा. तिथल्या टेकड्यांवर तीन मैलांचा ट्रॅक आहे. ऊन चाळिशीच्या वर. तिथलं दोन नंबरचं वळण डावीकडं वळतं आणि वळतच राहतं, संपतच नाही. आण्णा, सगळी गोष्ट त्या वळणातच आहे.

आई, तुला कळेल असं सांगते. रस्सा संपत आला की तू हंडी कलती करतेस, म्हणजे सगळा रस्सा एका कडेला जमतो. आता पळी दुसऱ्या कडेला धरली, तर तिच्यात काय येणार? इंजिनच्या खाली तेलाची हंडीच असते. गाडी जोरात वळली की तेल बाहेरच्या बाजूला चढतं. वळणाचा जोर गाडीच्या वजनाइतका झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका उभा राहतो. वळण छोटं असेल तर तेल लगेच परत येतं. लांब असेल आणि त्यात तेल थोडं कमी असेल, तर पंपाची नळी उघडी पडते आणि तेलाऐवजी हवा ओढते.

आणि तेल कमी होतं. सकाळी मी डिपस्टिक बघितली, बरोबर होतं. दुपारच्या फेऱ्यांआधी बघितली नाही. जुनं इंजिन, दोन सेशनमध्ये अर्धा लिटर पितं, हे मला माहीत होतं. उन्हातून उठून बॉनेट उघडायचा कंटाळा केला.

९४ च्या गाडीत ऑइल प्रेशरचा काटा खरा आहे. पुढच्या वर्षांच्या मियाटांमध्ये कंपनीनं नुसता दिखाऊ काटा बसवला, इंजिन चालू असलं की तो मध्यावर जाऊन उभा राहतो. म्हणून आम्ही मुद्दाम ९४ची शोधली होती. दोन नंबरच्या वळणात काटा ६० वरून २० च्या खाली गेला. मी पाहिलं. वळण सुटलं आणि काटा वर आला. सेन्सरची वायर हलत असेल, असं मनाला सांगितलं. पुढं एक निळी गाडी होती, चार फेऱ्या तिच्या मागं होते आणि प्रत्येक वळणात जवळ जात होते. पुढच्या फेरीत त्याच वळणात काटा पुन्हा पडला. तेव्हाही पाहिलं.

आण्णा, मी आठ-नऊ वर्षांची असताना उद्यमनगरच्या शेडमध्ये तुम्ही मला स्टुलावर बसवून चाचणीवरच्या इंजिनसमोर ठेवायचात. एकच काम असायचं, काटा बघायचा. "काटा पडला की आधी बंद करायचं, विचार मागनं करायचा." मी ते वाक्य तोंडपाठ म्हणायचे. ते आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी पाय उचलला नाही. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

मग आवाज आला. टक टक नव्हे, लोखंडी घणाचा, पायाखालून. सरळ रस्त्याला लागताना इंजिन साडेसहा हजारांवर होतं. त्या वेगाला एकेक पिस्टन सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा थांबून उलटा फिरतो, आणि ती सगळी ओढ पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या एका रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर. धाड झालं, मागं पांढरा धूर आणि आरशात काहीच दिसेना. क्लच दाबला, इग्निशन बंद केलं आणि गाडी रेसच्या रेषेवरून बाहेर गवताच्या कडेला घेतली. एवढं तरी नीट केलं. इंजिन फुटल्यावर कसंबसं पिटपर्यंत यायचा प्रयत्न करणारे ट्रॅकभर तेल सांडत येतात, आणि मागचा त्यावर घसरतो. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा निघाला. तेल शोषणारी पूड टाकून ते झाडून घेईपर्यंत सगळ्यांचा अर्धा तास गेला. त्या निळ्या गाडीवाल्यानं नंतर येऊन पाण्याची बाटली दिली आणि शेजारी बसून राहिला.

सोमवारी रात्री आम्ही इंजिन उतरवलं. आधी फिल्टर कापला आणि त्याची घडी उलगडून उजेडात धरली. कागदभर तांबूस चमकी, रांगोळी सांडावी तशी. तिथंच कळलं. ब्लॉकच्या कुशीला तळहाताएवढं भोक आहे, त्यातून क्रँक दिसतो. तीन नंबरचा रॉड बिग एंडच्या, म्हणजे क्रँककडच्या टोकाच्या, जरा वर तुटलाय. त्याच्या बेअरिंगच्या दोन वाट्या एकीत एक गुंडाळून विड्याच्या पानासारख्या पातळ झाल्यात. तळहातावर ठेवल्या तर वजन लागत नाही. क्रँकची पिन मोरपिशी निळी पडलीय. जवळ नाक नेलं की अजून करपट वास येतो.

तुम्ही मला निघताना दिलेला मायक्रोमीटर काढला. मूठ लागून लागून त्याच्यावरचे आकडे पुसट झालेत, पण मला वाचता येतात. दोन नंबरची पिन मोजली, आडवी आणि उभी. दोन थाऊचा फरक (आई, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). म्हणजे तीही ओव्हल झालीय. पंचेचाळीस मिलिमीटरच्या पिनला जिथं सगळी मिळून पावणेदोन थाऊ मोकळीक असते, केसापेक्षा बारीक, तिथं नुसता ओव्हलपणाच दोन थाऊ. एक आणि चार ठीक आहेत. तरी तुमच्या पद्धतीनं क्रँक दोरीला टांगून हातोडीनं हलकं टोकून पाहिलं. चांगला क्रँक घंटेसारखा घुमतो ना? हा भद्द वाजला. आमच्यात एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, उभं आयुष्य विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मी सांगितलं, माझ्या वडिलांनी.

ब्लॉक बिडाचा आहे. तुमच्या हाताखाली आला असता तर तुम्ही तो टाकू दिला नसतात, हे मला माहीत आहे. २०१९च्या पुरानंतर शिरोळकडची गाळानं भरलेली पंपाची इंजिनं शेडबाहेर रांगेनं उभी होती, मी तेव्हा सुट्टीला आले होते. कंपनीनं नवीन घ्या म्हणून सांगितलेली चार इंजिनं तुम्ही स्लीव्ह घालून, भेग टाचून चालू केलीत. त्या शेतकऱ्यांकडं नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ते करणं भाग होतं. इथं भंगारवाल्याकडं अख्खं जुनं इंजिन साडेआठशे डॉलरला मिळतंय, आणि नुसतं भोक बुजवायची मजुरी त्याहून जास्त होईल. ब्लॉक जाणार. मला वाईट वाटतंय, पण जाणार. हेड चांगलं निघालं, ते ठेवतोय.

दुसरी एक गोष्ट आहे, ती टीममध्ये पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. तेल थंड करायचा कूलर आणि त्याच्या नळ्या फेकायच्या. बाहेरून नव्यासारख्या दिसतात, महागही आहेत. पण त्यांच्या बारीक जाळीत बेअरिंगची चमकी अडकलेली असते. रॉकेलनं धुवा, हवा मारा, सगळी निघत नाही. नवीन इंजिन पहिल्या दहा मिनिटांत तीच चमकी गिळतं, आणि पुन्हा तोच तमाशा. एकजण म्हणाला, धुवून चालेल. मी म्हटलं, चालणार नाही. पंपही नवा. आणि तेलाच्या हंडीत या वेळी झडपांचे आडपडदे बसवणार आहोत, म्हणजे वळणात तेल पंपाच्या नळीपाशी अडून राहील. शिवाय एक मोठा लाल दिवा, प्रेशर पडलं की डोळ्यांवर येईल असा.

दिवा लावला तरी बंद करायचं मलाच आहे. पुढच्या वेळी मी बंद करीन. पुढं कुणीही असो.

भंगारातलं इंजिन तसंच बसवायचं नाही, खोलून, मोजून, नवीन बेअरिंग घालून मगच, असं ठरलंय. बेअरिंग मी बसवणार. टीमनं माझ्यावर सोपवलंय. आण्णा, यासाठीच मुख्य म्हणजे पत्र. तुमचे हात आता थरथरतात, म्हणून तुम्ही लेथ विकलीत, आणि तेव्हापासून "मला आता काय विचारतेस" असं म्हणता. मी विचारतेय. मेणाची पट्टी दाबून मोकळीक बघणार आहे. पट्टी किती पसरली की तुम्ही समाधानी व्हायचात? रॉडचे बोल्ट तुम्ही एका दमात आवळायचात की तीन टप्प्यांत? ती निळ्या पुठ्ठ्याची वही अजून आहे का, ज्यात तुम्ही प्रत्येक इंजिनाची मापं लिहायचात? तिची पानं फोटो काढून पाठवायला दादाला सांगा, दोन-दोन पानं चालतील, घाई नको.

आई, तू विचारशील, एवढं करून परत त्याच ट्रॅकवर जाणार का? जाणार. तुला न सांगता नाही जाणार. जायच्या आदल्या रात्री फोन करीन आणि संध्याकाळी गाडी ट्रेलरवर चढली की पुन्हा करीन. आणि एक दिवस तू इथं येऊन कठड्यापाशी खुर्ची टाकून बघावंस, अशी माझी फार इच्छा आहे. तुझा व्हिसा अजून चार वर्षं आहे.

बेअरिंग बसवायचं काम शनिवारी संध्याकाळी सातला सुरू करतेय. तुमच्याकडं रविवारची सकाळ, साडेसात. व्हिडिओ कॉल लावून फोन स्टँडवर ठेवीन, क्रँकच्या अगदी वर. आण्णांचा वाचायचा चष्मा दिवाणखान्यातच ठेव, आई, देवघरात विसरतात. बेअरिंगवरची पहिली कॅप त्यांनी पाहिल्याशिवाय मी आवळणार नाही.

तुमची,
सई